स्क्रीनवरचं बहात्तर

एक गोष्ट सांगतो, पण यात हसण्यासारखं काही नाही रे. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात टाकीचं तापमान दाखवायला मी पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर बसवलेला. मेमरी कार्ड मात्र कारखान्यात टिकणारं महागडं न घेता साधं, मोबाइलमधलं टाकलं. म्हटलं, चालतंय की.

एके दुपारी म्हात्रेकाकांचा फोन आला. टाकी तेच सांभाळायचे.

"अरे, स्क्रीन तासभर बहात्तरच दाखवतेय. जुना काटा नव्वदच्या वर गेलाय. टाकी तापवणारी वाफ बंद करू का?"

"काका, तो काटा कधीच बिघडलाय. तुम्ही स्क्रीन बघा."

खरं तर माझं कार्ड मेलेलं आणि स्क्रीन जुन्याच आकड्यावर अडकलेली. टाकीतला अख्खा माल करपला.

मी कारखान्यात पोचलो, तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर काकांना झापलं, "डोळे कुठे होते तुमचे?" काकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांना टाकीवरून काढून पॅकिंगला टाकलं.

महिन्याभराने ते गेटवर भेटले, तेव्हा न राहवून विचारलं, "काका, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

ते म्हणाले, "मला वाटलं, तूच सांगशील."