खुर्चीवर मी आहे असं समजून

हॅलो? …हो, ताईच बोलतेय. ऐक, माणसाच्या यच्चयावत दुःखांवर जगात एकच इलाज आहे. बोलणं! …अगं, बोलले! हे बोलले! निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा घरात अख्खं वाक्य…

नाही, माझ्याशी नाही. खुर्चीशी.

खुर्ची गं. बसायची.

नाही, डोकं ठिकाणावर आहे. उपचारच आहे तो. समुपदेशक मॅडमनी सांगितलंय, रिकामी खुर्ची समोर ठेवा, तिच्यावर बायको बसलीय असं समजा आणि मनातलं बोला.

हो, मी घरातच असते… हो, हो… अगं ऐक ना! मीही तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, खरं माणूस समोर असलं की यांचा गळा बंद होतो. खरंच आहे ते. जन्म गेला बसस्टँडच्या खोलीत माइकपुढे गाड्या पुकारण्यात. प्रवासी कधी दिसला का यांना?

केलं ना ते आधी! विचार तपासायचं. उदासीवर चांगलं असतं म्हणे. यांचा विचार काय, तर ‘आता माझी कुणाला गरज नाही.’ मॅडम म्हणाल्या, याला पुरावा शोधा. …सापडला ना! स्टँडवर यांचाच आवाज भरून ठेवलाय, मशीन बोलतंय.

गटातही बसवलं. सगळे आपापलं दुःख सांगतात तिथे. हे दुसऱ्याच खेपेला एकेकाला पुकारायला लागले, ‘यानंतर बोलतील खिडकीजवळचे गृहस्थ…’ छान शिस्त लागली गटाला. …स्वतःला? नाही पुकारलं.

मग जोडप्याचं. एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोला म्हणाल्या. मी यांच्याकडे बघितलं, यांनी घड्याळाकडे. तासभर मीच बोलले. मॅडम म्हणाल्या, तुमची प्रगती उत्तम आहे.

तुझ्या नवऱ्याचं नको सांगूस. कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायची खोड होती त्यांना. कुलूप लावा आणि मागे वळू नका, असं थोडं थोडं शिकवलं, सुटली. तिथे धरायला कुलूप तरी होतं. गप्प बसण्याला कुठून धरायचं?

…काय बोलले? …थांब, दार लोटते.

म्हणाले, ‘सकाळी उठावंसंच वाटत नाही. तुला सांगायची लाज वाटते.’ …हो. …मग म्हणाले, ‘तू एकटीच बोलतेस, मला ऐकू येतं सगळं.’

नाही गं, रडत नाहीये. कांदा चिरतेय.

गेले ना मी बाहेरच्या खोलीत! धावतच गेले. म्हटलं, ‘अहो, मी ऐकलं.’ …पेपर उघडला. चहा टाकू का, तर नुसती मान.

आज तर मीच जाऊन बसले त्या खुर्चीत. म्हटलं, बोला आता. …मग म्हणाले, ‘जरा उठतेस का? मला बोलायचंय.’

उठले. काय करणार?

सवत कसली! सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. तीही मीच.

मॅडम म्हणतात, धीर धरा, खुर्चीवरून माणसाकडे यायला वेळ लागतो. म्हटलं, या वयात?

…मी? मी काय करते… भाजीला जाते ना, तेव्हा जरा स्टँडवर टेकते. …बसून ऐकते. ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.’ …इतकं गोड कधी घरात बोलले नाहीत गं.

रविवारी? ये की. दोघंही या. …थांब थांब… सुरू झाले वाटतं. …हो, तिच्याशीच. ठेवते, इथून नीट ऐकू येत नाही.

आणि अगं… येताना एक स्टूल आण. घरात खुर्च्या दोनच. एकीवर हे, दुसरीवर मी… आणि इथे दाराआड पालथ्या बादलीवर बसून पाठ धरलीय माझी.