उड आणि उडय

…नाही हो सर, घरात असता तर मी काय पोत्याखाली झाकून ठेवला असता? सत्यवान वेंगुर्ल्याला गेलाय — काल गेला, नाही, परवा — जाऊ द्या, गेला एवढं खरं. बसा तुम्ही. त्या बाकावर नको, त्याचा एक पाय माझ्यासारखा आहे, दिसायला धड पण भरवशाचा नाही. हा घ्या गुळाचा खडा, हे पाणी. आंबोलीची वळणं उतरून आलात, पोट ढवळलं असेल. मी हरिश्चंद्र, त्याचा मामा. हसा, हसा, वालावलीत सगळेच हसतात, कारण अख्ख्या गावात माझ्याएवढा थापाड्या दुसरा नाही आणि आईबापांनी नाव ठेवलं हरिश्चंद्र. घरात एक हरिश्चंद्र, एक सत्यवान, आणि खरं बोलायला म्हणून एकटी माझी बहीण सुगंधा, त्याची आई. नवरा गेल्यापासून ती इथंच असते, माहेरी. आत आहे, चुलीपाशी. नाही, बाहेर नाही यायची ती. लाजते. तुम्हाला लाजते असं नव्हे — म्हणजे, तुम्हालाही — पाणी प्या हो तुम्ही.

काय? तो आवाज होय? नारळ पडला. परसात माड आहेत ना, जुने झालेत. हा? हा दुसरा नारळ. एकाच जागी पडतोय म्हणता? शिस्तीचा माड आहे. आणि पडून वर उसळल्यासारखा आवाज — बरोबर ओळखलंत, कान तयार आहे तुमचा, खेळाचे मास्तर शोभता. आमच्याकडचे नारळ उसळतात, सर. आमच्या आजोबांच्या वेळी एक नारळ पडला तो उसळून परत देठाला जाऊन चिकटला. आजोबा म्हणाले, राहू दे, अजून पिकला नसेल. नाही, मागं जाऊन बघायला नको. डोक्यात पडला तर कॉलेजला काय सांगू मी?

तुम्ही त्याला न्यायला आलात ते कळलं मला. तुमच्या सामन्यांचे दिवस आले. पण खरं सांगू — म्हणजे माझ्या परीनं खरं — त्याला आता त्या बास्केटबॉलात गोडी नाही. पोरगा मोठा झाला. शेत बघतो, सुपारी बघतो. चेंडू-बिंडू काय, लहानपणीचं. तुम्हाला गंमत सांगतो, तो घाटावर शिकायला गेला आणि कुणीतरी गावात येऊन सांगितलं की सत्यवान दिवसभर चेंडूच्या मागे धावतो. आमची हौसाबाई कानानं अर्धी, तिनं ऐकलं 'चेडू'. आमच्यात चेडू म्हणजे मुलगी, सर! झालं. संध्याकाळपर्यंत तळ्याच्या अलीकडे-पलीकडे बोभाटा, सुगंधेचो झील — झील म्हणजे मुलगा — कॉलेजात चेडवाच्या मागे धावता. एकाच चेडवाच्या मागे दहा जण धावतात हे कळल्यावर तर बायकांनी देवळात जायची वाट बदलली. सुगंधा तीन दिवस जेवली नाही हो. तर आमचं हे असं, ऐकण्यातच फसतो आम्ही. तुम्हाला तर ते चांगलंच — नाही, काही नाही. नारळ पडला.

पण तो फेकायला शिकला ते तुमच्याकडे नव्हे हां, ते श्रेय नाही देणार तुम्हाला. तो शिकला आमच्या काजूवर. परसातलाच काजू. पोर वर चढायचं आणि सुगंधा खाली पाटी धरून उभी. काजूचं बोंड जमिनीवर पडलं की फुटतं, मातीत जातं, म्हणून ते थेट पाटीत पडायला हवं. अगदी डोक्यावरच्या फांदीवरून टाकलं तर पानं आड येतात. शेंड्यावरून टाकलं तर पाटीत पडूनही फुटतं. मधल्या फांदीवरून टाकलं की कसं — अलगद, मांजरीनं पिल्लू ठेवावं तसं. आणि सुगंधा खालून म्हणायची, "उडय!" उडय म्हणजे टाक, फेक. फार मोठ्यानं नाही, एकदाच. तो शब्द आला की ह्याचा हात सुटलाच. झोपेत असला तरी सुटेल. एकदा त्याच्या पायाखालची फांदी मोडली, पोरगं खाली येतंय, हातात बोंड, सुगंधा घाबरून ओरडायच्या ऐवजी सवयीनं ओरडली 'उडय', आणि ह्यानं पडता पडता हवेतून बोंड पाटीत टाकलं आणि मग स्वतः शेणात पडला. ही थाप नाही. बरं, शेण मी घातलं. बाकी खरं.

मग तुमच्याकडे आला. तेव्हा तुमच्या मैदानावर सगळे कसे टाकायचे चेंडू? पाय रोवून, दोन्ही हातांनी, छातीपाशी धरून, म्हातारी माणसं सूर्याला अर्घ्य देतात तसे. हा उंच, पण बुजरा. कडीखाली गर्दीत घुसायचा नाही, लांबून टाकायची छाती नाही, मधेच आपला उभा, जेवणावळीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखा. त्या दिवशी चेंडू आला ह्याच्याकडे, समोरचा अंगावर धावला, आणि तुम्ही कडेवरून ओरडलात, "उड! उड!" म्हणजे तुमचं म्हणणं उडी मार, चेंडू वर धर, हिसकावतील. ह्यानं ऐकलं 'उडय'. तुमचं 'उड' ऐकून पाय उडले, आईचं 'उडय' ऐकून हात सुटला. दोन्ही एकदम! समोरचा अजून जमिनीवर, हा वर, चेंडू त्याच्याही वर, आणि कडीतून खाली — आवाज नाही. तुम्हीच सांगत होता ना सगळ्यांना, की असलं तोवर मैदानावर बघितलं नव्हतं? मग काय, मधल्या पल्ल्यावर ह्याला चेंडू मिळाला की समोरच्यांनी हात टेकावेत. विचार करायचा नाही, नेम धरायचा नाही. कानात शब्द, हातात सुटका. गगनबावड्याला म्हणे एका सामन्यात तो वर गेला तो कावळ्यानं — बरं, कावळा राहू दे.

तुम्ही सत्कार ठेवलात. चांगलं केलंत. आईला बोलावलंत, ते तर फारच चांगलं केलंत. सुगंधा जन्मात पहिल्यांदा घाट चढली. नवं लुगडं, नाकात नथ, पहिल्या रांगेत खुर्ची. तिला खुर्चीवर बसायची सवय नाही, टोकावर बसली होती, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं म्हणून. मी शेजारी. आणि तुम्ही बोलायला उभे राहिलात. छान बोलता हो तुम्ही, मला लगेच झोप लागली. हशानं जाग आली. शेजारच्याला विचारलं, काय झालं? तो पोट धरून सांगायला लागला — सर म्हणाले, मी म्हटलं 'उड' आणि ह्यानं ऐकलं 'उडय'. कोकणच्या कानाला देवानं एक 'य' जास्तीचा दिलाय, त्या 'य'नं आपल्याला ढाल मिळवून दिली!

नाही, नाही सर, मान खाली घालू नका. तुम्ही कौतुकानं बोललात, मला कळतं. त्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं, तुम्ही ते प्रेमानं चारचौघांत सांगितलंत. मी असतो तर आणखी दोन कावळे घालून सांगितलं असतं. पोरानंही सोसलं असतं ते. हसणाऱ्या पोरांकडे बघून तोही थोडा हसत होता. पण मग त्यानं पहिल्या रांगेकडे बघितलं, आणि तिथं सुगंधा —

काही नाही. गूळ घ्या अजून.

तिनं मला शपथ घातलीय, सांगायचं नाही म्हणून. हा नारळ जरा जोरात पडला. नाही, सांगत नाही. म्हणजे — सगळे हसले ना, सर. म्हणून तीही हसली. तिला काय कळलं होतं? काही नाही. वाटलं, आपल्या पोराबद्दल काहीतरी चांगलंच बोलले असतील, लोक खूश आहेत, आपण गप्प बसलो तर बरं दिसणार नाही. तोंडभर हसली हो. टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि तो वरून बघत होता. परत येताना गाडीत मला विचारते, "दादा, ती सगळी कित्याक हसली?" आता मी थापाड्या, हजार थापा सांगता आल्या असत्या. नेमकी तेव्हाच एकही सुचली नाही, खरं तेच सांगून बसलो. ऐकलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. तो अजून तिथंच आहे.

मग पुढचा सामना तुम्ही बघितलाच. मधला पल्ला, समोर कुणी नाही, चेंडू हातात. तो उडला. आणि वर गेल्यावर म्हणे तो विचार करायला लागला — मी आता उडतोय की उडयतोय? आणि चेंडू हातात घेऊन तसाच खाली आला, तुमच्या खेळात तो गुन्हा म्हणे. शिट्टी. पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. मग तर हातात चेंडू आला की विंचू आल्यासारखा दुसऱ्याकडे. आणि समोरच्या कॉलेजची पोरं कडेनं एका सुरात, "उडय! उडय!" — त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. त्याच्या आईचा शब्द हो, सर. परसातला. तो चारशे लोकांच्या तोंडात.

घरी आला. दारात चपला काढल्या आणि सुगंधेला म्हणाला, "आई, मला पाणी दे." तिनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, आपल्या मागं कुणी पाहुणी उभी आहे, तिला सांगतोय. 'आये, माका पाणी दी' म्हणणारं पोर! तेव्हापासून हे असं. "आई, भात पुरे." "आई, मी बाहेर जाऊन येतो." एक शब्द आमचा नाही, धुऊन-पुसून, इस्त्री करून बोलतो. आणि ती? ती बोलतच नाही त्याच्याशी. पान वाढते, उभी राहते. काही सांगायचं तर मला खुणावते. तिला भीती, आपण तोंड उघडलं आणि पुन्हा काही चुकीचं निघालं तर? जन्म दिलेल्या पोरापुढे लाजते हो ती, नव्या सुनेसारखी. आणि तो तिच्यापुढे. मधे मी, दोघांची भाषांतरं करतो. माझ्यासारख्या माणसानं भाषांतर करायचं म्हणजे बघा, ती 'मीठ व्हया काय' म्हणून खुणावते, मी सांगतो, आई म्हणते वाघ आलाय.

नारळ नव्हेत ते, सर. तुम्हाला आधीच कळलं होतं ना? सभ्य माणूस, बोलला नाहीत. फणसाला पिपाची कडी ठोकलीय त्यानं. तुम्ही सत्कारात दिलेला तोच चेंडू. पण उडत नाही तो. पाय रोवून, दोन्ही हातांनी, छातीपाशी धरून, अर्घ्य. दहातला एक जातो.

माफी? छे छे, बसा. तुमच्या ह्या स्वच्छ मराठीत माफी मागितलीत तर तो म्हणेल, "काही हरकत नाही, सर," आणि तिथंच सगळं संपेल. त्याहून एक करा. इथूनच, ह्या कुडाशी उभे राहा आणि तो एक शब्द हाक मारून म्हणा. मला नाही जमायचं, मी ओरडलो तर त्याला वाटेल पुन्हा वाघ. तुम्ही म्हणा. आधी मला म्हणून दाखवा. — उडवा? उडवा कशाला, पतंग आहे? आणि आदरार्थी नको, झाडावरच्या पोराला कोण अहो-जाहो करतं? परत. — उदय? उदय नव्हे हो, उदय माझ्या साडूचा मुलगा, तो ओरोसला असतो. ड. डमरूचा ड. आणि शेवटी तो 'य' जिभेवरून नुसता घसरवायचा, तुम्ही घाटावरचे त्याला मुक्कामाला ठेवता. हां. कान लाल झाले तुमचे. होऊ द्या. आता मोठ्यानं. सगळी छाती भरून.

…अरे देवा. सर, हे काय होतं? म्हैस व्याली तरी ह्याहून —

थांबा. चेंडू थांबला.

श्श. आत — ऐकलंत? सुगंधा हसली. नाही, खोकली नाही, हसली, मला माझी बहीण कळत नाही? ह्या खेपेस कशाला हसायचं ते तिचं तिला ठाऊक आहे, सर! वाईट वाटून घेऊ नका, तुमचं 'उडय' आहेच तसं. गप्प. तो मागच्या दाराशी आला. विचारतोय —

"आये, कोण गो तो बोंबलता?"

गो म्हणाला. सर, 'गो' म्हणाला तो.

गप्प राहा, ती काय सांगते बघू —

"कोण नाय रे बाबा. नारळ पडलो."

सुगंधा! आमची सुगंधा! जन्मात पहिली थाप — आणि तीही माझीच चोरलेली. नाही, आत नाही जायचं. बसायचंही नाही आता. ती पिशवी घ्या, चपला हातात घ्या, पाय वाजतात. तुम्ही दिसलात तर पुन्हा इस्त्री चढेल त्याच्या जिभेवर. यायचा असेल तर येईल तो आपल्या पायांनी घाट चढून. निघा सर, निघा. पडलेला नारळ कधी उभा राहून ऐकत बसतो काय?