डोक्यावर मायक्रोवेव्ह आणि वर ऑरिन

...आणि पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर काय छापलंय, तर दोन माणसं लागतात! दोन! अहो, शेगडीच्या वर टांगायचा मायक्रोवेव्ह तो, पियानो आहे का? मी आपला भाबडा, मला वाटलं चार स्क्रू पिळले की झालं. तुम्हाला सांगतो, असल्या कामाला जो माणूस 'अर्ध्या तासाचं काम' म्हणतो ना, त्यानं ते जन्मात कधी केलेलं नसतं. मी म्हटलं होतं. बायकोसमोर. मोठ्यानं.

बायको म्हणजे मार्लिस. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, हात गळ्यात अडकवलेला, थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर, आणि त्यात ओट्यावरचा जुना मायक्रोवेव्ह वारला. बाई म्हणाली, "लाइल, नवा वर टांगायचा. मला ओटा मोकळा हवाय. एका हातानं का होईना, पाय मीच लाटणार." भोपळ्याचा पाय हो, नाहीतर म्हणाल बाईनं माझी तंगडी लाटायला घेतली! तेवढंच बाकी होतं.

तर दोन माणसं लागतात. एक मी. दुसरा कोण? तुम्ही म्हणाल, शेजारी. अहो, आमच्या डुलुथ गावात नोव्हेंबरात शेजारी असतो का? हरणांची शिकार सुरू झाली की गावातला झाडून सगळा पुरुषवर्ग नारिंगी टोप्या घालून जंगलात! बाजूचा कार्स्टन, गेला. समोरचे पाद्रीबाबा, तेसुद्धा गेले, बंदूक घेऊन! रस्त्यावर उरल्या बायका, कुत्री आणि मी. मला रक्त बघवत नाही. हसा, हसा, सगळं गाव हसतं.

"मग ऑरिनला बोलावते, तो कामापायी शिकारीला गेला नाही," मार्लिस म्हणाली. कशी? तर शेजारून वाटीभर साखर मागवावी तशी!

आता हा ऑरिन कोण? मार्लिसचा आधीचा नवरा. बघा हं, बायकोच्या बहिणीचा नवरा तो साडू, भाऊ तो मेव्हणा, बाईला सवत असते... पण बायकोच्या आधीच्या नवऱ्याला काय म्हणायचं? शब्दच नाही! कारण त्याला हाक मारायची वेळ येऊच नये अशी जगाची अपेक्षा असते. आणि हा माणूस सुतार. ती कपाटं, तो ओटा, त्या खणांच्या मुठी, सगळं त्याच्या हातचं. मी लग्न करून या घरात आलो तो दोन बॅगा आणि मासे पकडायची एक काठी घेऊन. घरजावई निदान सासऱ्याच्या घरात राहतो हो... मी कुणाच्या घरात राहतो?

आला. दारात बूट काढले, बर्फ झटकला, आणि सरळ स्वयंपाकघरात. पेन्सिल कुठल्या खणात ते मला विचारलं नाही. बोटानं भिंत वाजवली, टक टक, "इथं लाकडी खांब आहे," म्हणाला. मी म्हटलं, "थांब, भिंतीतला खांब शोधायचं यंत्र आणलंय मी."

"शोध की," म्हणाला. "मीच ठोकलाय तो."

यंत्र गुपचूप खिशात घातलं.

भिंतीवर लोखंडी पट्टी बसली, वरच्या कपाटाच्या तळाला भोकं पडली, सगळं त्यानंच केलं. मग आली खरी वेळ. "तू खालून धर," ऑरिन म्हणाला, "मी वरून बोल्ट आवळतो." दोन माणसं लागतात ती इथं! मी ते धूड उचललं, पट्टीत अडकवलं, पुढची बाजू दोन्ही हातांनी आणि डोक्यानं रेटून धरली. पोट शेगडीवर, टाचा अधांतरी. आणि ऑरिन शिडीवर, मुंडकं कपाटात. मला त्याच्या मांड्या दिसतायत, त्याला मी दिसतच नाही. मार्लिस आम्हाला एकमेकांच्या भरवशावर सोडून 'आलेच' म्हणत थेट शेजारणीकडे पसार!

"आवळ ना रे!"

"आवळतोय. ही मसाल्याची बरणी आड येतेय." मग कपाटातून घुमलेला आवाज, "दालचिनी अजून इथंच ठेवते ती?"

आता मला काय ठाऊक? इतकी वर्षं मी त्या घरात जेवतो, दालचिनी कुठं असते हे मला ठाऊक नव्हतं! तुम्हाला सांगतो, डोक्यावरच्या मायक्रोवेव्हचं ओझं झालं नाही, तेवढं त्या बरणीचं झालं. वाटलं, सोडून द्यावं. धडाम् होऊ दे. म्हणावं, घे तुझी भिंत, घे तुझा खांब.

सोडतो कसला! मान तिथंच मोडली असती.

"लाइल."

"काय?"

"आमची मुलगी सांगते, तिची आई हल्ली फार हसते म्हणून."

मी म्हटलं, "बोल्ट!"

"लावतोय. माझ्याबरोबर असताना नाही हसायची ती. मी टेबलं केली, कपाटं केली, तिला हवी ती फळी हव्या त्या उंचीवर लावून दिली. थँक यू म्हणायची. दरवेळी म्हणायची. हसायची मात्र नाही." पाना फिरायचा थांबला. "तू काय करतोस रे?"

आता विचार करा. हा प्रश्न माणूस माणसाला समोरासमोर विचारेल? हॉटेलात, कॉफी पिताना? शक्य नाही! ऑरिनचं तोंड कपाटात होतं आणि माझं यंत्राखाली, म्हणून विचारला त्यानं. आणि म्हणूनच मी खरं सांगितलं.

"मी काही करत नाही," म्हटलं. "करायला जातो आणि होत नाही. ती त्याला हसते. मला हसते, ऑरिन."

वर पाना थांबलेलाच. नाकावरून घाम ओघळतोय, पुसायला हात नाही... पण 'आवळ' म्हणवेना मला. मग कपाटातून आवाज आला, "नशीबवान आहेस लेका." आणि पाना फिरायला लागला.

बोल्ट बसले. मी हळूच हात काढले. मायक्रोवेव्ह जागेवर! दोघं मागं सरून कमरेवर हात ठेवून बघतोय, झाली एकदाची लढाई... आणि माझी नजर खाली गेली. वायर! अहो, ती वायर आधी कपाटाच्या भोकातून वर घ्यायची असते! ती आपली यंत्राच्या मागे, भिंतीत चेपलेली, शेपटीसारखं टोक तेवढं खाली लोंबतंय.

मी ऑरिनकडे बघितलं. ऑरिननं माझ्याकडे. एवढा कसलेला सुतार! तो म्हणाला, "वायर धरणारा तू होतास." मी म्हटलं, "भोकाशी तोंड तुझं होतं." आणि नेमकी मार्लिस दारात. तिनं ती शेपटी बघितली, आम्हाला बघितलं, आणि जी हसत सुटली... गळ्यातला हात दुसऱ्या हातानं सावरत, "अगं आई गं, खांदा! हसवू नका मेल्यांनो!" म्हणत खुर्चीत बसली. ऑरिन नुसता बघत उभा राहिला. असा, की मी दुसरीकडे बघितलं. आणि मग तोही हसला, जरासा, कानापर्यंत लाल होऊन.

सगळं पुन्हा उतरवलं. पुन्हा डोकं, पुन्हा टाचा. दोन माणसं लागतात! दुसऱ्यांदा मात्र आम्ही एक शब्द बोललो नाही. बोलायचं होतं ते पहिल्या खेपेला बोलून झालं होतं.

मार्लिसनं त्याला जेवायला ठेवून घेतलं. बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा ओव्हनमध्ये भाजलेला खिमा-बटाटा, तिघांनी खाल्ला, हरणावर गेलेल्या पाद्रीबाबांची यथेच्छ निंदा केली. दालचिनी मीच काढून आणली, कॉफीवर घालायला. ऑरिन निघताना बूट चढवता चढवता, माझ्याकडे न बघता म्हणतो, "मायक्रोवेव्हच्या तळाला धूर गाळायची चाळणी असते. तेलकट होते. महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायला लागते. तुला नाही जमायचं. मी येत जाईन."

आता ती चाळणी, तुम्हाला सांगतो, एका बोटानं निघते. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आतून हसू ऐकू आलं, म्हणजे मार्लिसलाही माहीत आहे. मी म्हटलं, "येत जा बाबा. आणि येताना जेवून येऊ नकोस."