साठ रुपयांचं कुलूप

साठ रुपयांची कुलपं पोरीने दीडशेला विकायला लावली, तेव्हा तिच्या कुलूपवाल्या बापाने शेजारच्या न्हाव्याशी पैज मारली, "महिन्यात संपली तर अर्धी मिशी उतरवीन!"

महिना भरला. कुलूपवाला येऊन खुर्चीत बसला, तसे दाढीला नंबर लावलेल्या शिंप्याने पेपरामागे कान टवकारले.

"काढ बाबा मिशी."

"खपली?"

"एकूण एक! साठला होती तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, असलं स्वस्त कुलूप चोर फुंकरेने उघडेल."

"मग माल बदललास?"

"छे! कुलूप तेच, पहिल्यापासून पक्कं. आधी नगामागे पाच सुटायचे, आता पंचाण्णव."

"अक्कल पोरीची, मिशी बापाची! पडदा ओढू?"

"पडदा कशाला? खुर्ची दारात घे. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं, तर छाती काढून सांगतो, लेकीने उतरवली म्हणून!"