ओवीला पहिल्यांदा आलेला वास

अगं, आमची ओवी कायम तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची, वास कसला तो तिला कळायचाच नाही. वर्गात पोरं चिडवायची. शेवटी दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, "हिचा वरचा जबडा अरुंद आहे, म्हणून नाकातली वाटही अरुंद आहे. जबडा रुंद केला तर नाकालाही थोडी जागा मिळेल."

टाळूला प्लेट बसवली. तिचा स्क्रू रोज चावीने थोडा फिरवायचा. ते काम हिच्या बाबांचं, पण चावी लावायच्या आधी तेच दहादा विचारायचे, "दुखेल का गं?" ओवीच हाताने खूण करायची, घाबरू नका म्हणून. पुढच्या दातांत फट पडली तेव्हा मात्र ती खूप रडली. डॉक्टरांनी समजावलं, फट नंतर बुजते.

मग परवा रिक्षाने येताना तुर्भ्याच्या सिग्नलला आमच्यापुढे कचऱ्याची गाडी थांबली. मी ओढणी नाकाला लावली. बघते तर ओवीनेही नाक दाबलेलं!

"शी! आई, कसला वास येतोय?"

"कचऱ्याचा गं, बाळा." माझे डोळेच भरून आले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना हा वास रोज येतो? आणि तरी तुम्ही नाकानेच श्वास घेता?"