कुरकुरणारा पलंग

सतराव्या मजल्यावर सफाईवाल्या मावशी बादली घेऊन लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या. फर्निचरसकट भाड्याने मिळणारा फ्लॅट बघून एक सुतार आणि त्याची लेक बाहेर आली, तसा मावशींचा कान आपसूक तिकडे लागला.

"बाबा, खाली एजंट थांबलाय. हो म्हणू की नको?"

"पलंग कुरकुरतो."

"झोपणार मी आहे."

"कपाटाची दारं लोंबलीत. कुठल्या शहाण्याने बसवलीत कोण जाणे!"

"तुम्ही घर बघायला आलात की सुताराला नापास करायला?"

"ऑफिस किती लांब?"

"समोरच. खिडकीतून दिसतं. हे घर गेलं, तर एवढ्या जवळ दुसरं मिळायचं नाही."

"मग हो म्हणून टाक."

"खरंच?"

"खरंच. पण पलंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. रविवारी मी हत्यारं घेऊन येतो."

"पलंग एका रविवारात होईल."

"मग कपाट आहे की. त्याला दोन रविवार तरी लागतील."

"आणि टेबल?"

"टेबल मात्र ठणठणीत आहे."

"नीट बघितलंत ना, बाबा? थोडं तरी हलत असेल."