निकमभाऊजी आणि गच्चीवरचं ऊन

नमस्कार. पार्किंगमधल्या गाड्या हलवून, कामं टाकून तुम्ही सगळे खाली आलात. पक्षाची मंडळीही आली, बरं वाटलं. मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की निकमभाऊजी मध्येच उठायचे. आज ते उठणार नाहीत. त्यामुळे जास्तच अवघड जातंय.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. ते तिसऱ्या मजल्यावरचे. वायरमन म्हणून रिटायर झाले आणि पक्षाचं काम करायला लागले. पक्षाने जाहीरनाम्यासाठी सूचना मागवल्या. मागवायच्या म्हणून मागवल्या हो! पण आमच्या माणसाने वीज आणि हवामान बदल यावर अख्खी वही भरून पाठवली. त्यातलं एक वाक्य छापून आलं. प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल. झालं! दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे.

"वहिनी, पक्षाचं धोरण ठरलं. सुरुवात आपल्या गच्चीपासनं."

मी म्हटलं, "गच्चीवर माझ्या कुरडया असतात. कुरडयांचं ऊन तुमचा पक्ष खाणार का?"

"वहिनी, ऊन दोघांना पुरंल." साताऱ्याचे ना, पुरंल म्हणायचे.

साहेब, राग मानू नका. तो जाहीरनामा वाचलेला तुमच्यात दुसरा कोणी आहे? हसताय काय? भाऊजींनी तो वाचला आणि वर खराही मानला. तुमची ती वीज बचतीची सभा आठवते? भर दुपारी मंडपात हॅलोजन पेटलेले. भाऊजी शांतपणे मागे गेले आणि मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखे गेले, साहेबांचा माईकही गेला. टाळ्या मात्र दणकून पडल्या. नंतर पक्षाने त्यांना बरेच दिवस कुठे बोलावलं नाही.

ते खचले नाहीत. दर मीटिंगला तोच अर्ज. आणि मी दर मीटिंगला म्हणायचे, "पुढच्या वेळी बघू." गच्ची गळेल, म्हणायचे. आधी लिफ्टचं काम होऊ दे, म्हणायचे. खरं सांगू? कारण कुरडयाच होत्या. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. एक माझीच राहिली होती.

परवा सुमनताईंनी, त्यांच्या पत्नीने, ती वही माझ्या हातात दिली. त्यात आपल्या गच्चीचा नकाशा आहे. सगळीकडे पॅनेलचे चौकोन. पाण्याच्या टाकीशेजारी, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथला एकच चौकोन रिकामा. त्यात लिहिलंय, 'वहिनींच्या कुरडया'. मला कधी दाखवलं नाही हो त्यांनी. पण मी दाखवू दिलं कुठे?

भाऊजी, मी चुकले. फार चुकले.

आज सकाळी सही केली. साहेब, हा घ्या अर्ज. छापलेलं वाक्य आता तुम्ही पाळा. नाही पाळलंत, तर तुमच्या पुढच्या सभेला मी येईन. मेन स्विच कसा पाडायचा, ते मला भाऊजींनी शिकवलंय.

चला, दोन मिनिटं शांत उभे राहू. पण त्याआधी हे पंखे आणि दिवसाउजेडी लावलेल्या या ट्यूबलाइट कोणीतरी बंद करा. घाम आला तर येऊ दे. भाऊजी असते तर एव्हाना उठले असते.